मंच खोक्यात भरून मिळत नाही

‘एवढ्याशा हॉलमध्ये कसला आलाय साउंडस्टेज?’ भाईंदरजवळच्या आमच्या मुर्धा गावात कुणी नवे स्पीकर घ्यायचं नुसतं मनात आणलं की हा प्रश्न येतोच. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, लगेच सल्ल्यावर उतरतो. सल्ले तीन प्रकारचे असतात. हळदीच्या मांडवात ज्याचा शब्द चालतो तो दादा सांगतो, ‘उंच स्पीकर घे दोन, बारा इंची वूफर बघ, वॉट बघ. भिंत हलली पाहिजे.’ भाईंदरला बिल्डिंगमध्ये राहायला गेलेला चुलतभाऊ म्हणतो, ‘खोकी कशाला भरतोस घरात? टीव्हीखाली साउंडबार लाव. अ‍ॅटमॉस आहे त्यात, चारी बाजूंनी आवाज येतो.’ आणि ज्याच्याकडे खरोखर महागाची सिस्टीम आहे ते काका चष्मा सारखा करत ऐकवतात, ‘साउंडस्टेज? पाच लाखांच्या खाली त्या विषयावर बोलूच नये.’

तिघांचं आपसात पटत नाही. तरी तिघांची श्रद्धा एकच आहे: गाण्याचा मंच खोक्यात भरून दुकानातून मिळतो. कुणाला तो वॉटांत दिसतो, कुणाला लोगोत, कुणाला किमतीच्या शून्यांत. या श्रद्धेचा मला मनापासून वैताग आला आहे, कारण ती सपशेल खोटी आहे आणि तिच्यापायी चांगल्या कानांची माणसं आयुष्यभर वाईट आवाज ऐकत बसतात. मंच घरात मांडावा लागतो. त्यासाठी एकसारखे, लहान आकाराचे दोन स्पीकर लागतात, थोडी मोकळी जमीन लागते आणि एक मोजपट्टी लागते. दहा बाय बाराचा हॉल त्याला पुरतो.

साउंडस्टेज म्हणजे नेमकं काय, ते एकदा सरळ सांगून टाकतो, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. डोळे मिटून गाणं ऐकताना गाणारी बाई मधोमध उभी आहे, तबला तिच्या एका हाताला, सारंगी दुसऱ्या हाताला, तानपुरा जरा मागे, असं जागच्या जागी ऐकू येणं म्हणजे साउंडस्टेज. आवाज खोक्यांतून येतोय हे कानांनी विसरून जाणं. त्यात दणका नाही, हादरा नाही. भिंत हलली तर उलट मंच कोसळतो.

आता पहिला आक्षेप. ‘हे सगळं आपल्याला कुठं कळतंय? ते कान वेगळे असतात.’ कुणाचे असतात? गावातल्या भजनाला बसलेल्या म्हाताऱ्याला डोळे मिटलेले असताना विचारा पखवाज कुठे वाजतोय, पेटी कुठे, टाळ धरणाऱ्यांपैकी कोण चुकलं. तो बोट दाखवून सांगेल. खाडीकडून येणारा आवाज होडीचा की रस्त्यावरच्या गाडीचा, जवळ येतोय की लांब चाललाय, हे मुर्धा, राई, मोर्वा या आमच्या गावांतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १९०७ मध्येच याचा हिशेब मांडून ठेवला आहे. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि जरा मोठा पोचतो. मेंदू या दोन फरकांवरून दिशा काढतो. दोन कानांतला हा वेळेचा फरक जास्तीत जास्त किती असतो? सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांशाइतका. तेवढ्या फरकावर आपण समोरचा आवाज एक-दोन अंश इकडचा की तिकडचा हे ओळखतो. हे यंत्र प्रत्येकाच्या डोक्यात जन्मतः बसवलेलं आहे, त्याला पदवी लागत नाही, इंग्रजी मासिकं लागत नाहीत. ‘आपल्याला कळत नाही’ हा विनय नसून आळस आहे.

स्टिरिओ म्हणजे या यंत्राला दिलेली हूल आहे. अ‍ॅलन ब्लमलाइन या अठ्ठावीस वर्षांच्या ब्रिटिश इंजिनिअरने डिसेंबर १९३१ मध्ये त्याचं पेटंट मागितलं. हकीकत अशी सांगतात की, सिनेमा बघताना त्याला खटकलं, नट पडद्यावर या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि त्याचा आवाज मात्र एकाच जागी चिकटून राहतो. त्यावर त्याने शोधलेला उपाय दोन स्पीकरांचा होता. दोन. सात नाही, अकरा नाही. दोन स्पीकर नीट ठेवले तर त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे काहीही नाही, तिथे गायक उभा राहतो. नव्वद वर्षं उलटून गेल्यावरही घरबसल्या गाणं ऐकायला याच्याहून साधी आणि खात्रीची युक्ती निघालेली नाही. आणि आमचे सल्लागार ती युक्ती सोडून सगळं विकत घ्यायला सांगतात.

दादांच्या वॉटांकडे वळू. दादांचा आवाजाचा आदर्श हळदीतला डीजे आहे, आणि त्या आदर्शाची मी चेष्टा करणार नाही. आगरी हळदीत डीजेचं काम काय? मांडवातल्या शेवटच्या माणसाचेही पाय उचलले गेले पाहिजेत. ते काम तो चोख करतो. पण कसं करतो ते बघा. बहुतेक डीजेवाले दोन्ही बाजूंच्या थप्प्यांना एकच मोनो आवाज सोडतात, आणि ते बरोबर करतात. स्टिरिओ सोडला तर डाव्या टोकाला नाचणाऱ्याला उजवीकडचं वाद्य ऐकूच येणार नाही. म्हणजे ज्या यंत्रणेकडे बघून दादा घरचे स्पीकर निवडतात, तिच्यात मंच मुद्दाम काढून टाकलेला असतो! मैदानासाठी बनवलेली गोष्ट दहा फुटी खोलीत आणायची आणि वर म्हणायचं, बघा, छोट्या घरात साउंडस्टेज येत नाही.

वॉटांचं गणितही कुणी करत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतपतच. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. साधा बुकशेल्फ स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८५-८६ डेसिबल देतो. घरात गप्पा मारताना आपला आवाज साठच्या आसपास असतो. तेव्हा हॉलमध्ये बसून गाणं ऐकताना बहुतेक वेळ तुमचा स्पीकर एखादा वॉट खात असतो. अचानक येणाऱ्या थापेसाठी वीस-तीस हाताशी असले की झालं. उरलेले हजार वॉट फक्त खोक्यावर छापलेले असतात. खोटं वाटत असेल तर त्याच सिस्टीमचा अ‍ॅडॉप्टर उलटा करून वाचा. बारा व्होल्ट, दोन अ‍ॅम्पिअर. गुणाकार चोवीस. आत चोवीस वॉट जातात आणि बाहेर सतत हजार येतात, असा कारखाना दुकानदाराकडे असेल तर त्याने स्पीकर विकण्यापेक्षा राज्याला वीज विकावी. नव्वदच्या दशकात पीएमपीओ नावाची हीच थाप प्रत्येक डेकवर चिकटवलेली असायची. नाव बदललं, थाप तशीच आहे. मेट्रोची कारशेड राई-मुर्धा-मोर्व्यात येणार म्हटल्यावर सरकारी नकाशावर बोट ठेवून हरकती घेणारी, रस्त्यावर उतरणारी ही गावं. आणि दुकानदाराने खोक्यावर छापलेल्या आकड्याला एक हरकत नाही?

चुलतभावाचा साउंडबार. टीव्हीच्या पोचट आवाजापेक्षा तो बरा, बातम्यांतले शब्द स्पष्ट येतात. एवढं देऊन टाकतो. त्यापुढचे सगळे दावे तपासा. साउंडबार तीन फूट लांब असतो. आठ फुटांवर बसलं तर त्याची दोन टोकं कानांशी जेमतेम वीस-बावीस अंशांचा कोन करतात. स्टिरिओला साठ अंश लागतात. एक तृतीयांश रुंदीच्या मंचावर अख्खा वाद्यवृंद उभा करायचा, मग कोण कुणाच्या डोक्यावर बसणार? हे बनवणाऱ्यांनाही माहीत आहे, म्हणून ते आवाज बाजूच्या भिंतींवर आणि छतावर मारतात आणि तो परतून येईल अशी आशा करतात. भिंतींवर मारा करायला भिंत हवी ना? आपल्या हॉलमध्ये एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला ओटीवर उघडणारं दार. उजवीकडचा आवाज भिंतीवरून परत आला, डावीकडचा थेट अंगणात गेला. छताचं तर विचारूच नका. वर तोंड करून बसवलेल्या त्या स्पीकरांना सपाट, कडक आणि फार उंच नसलेली स्लॅब लागते. गावठाणात जी थोडी कौलारू घरं अजून उभी आहेत त्यांत छप्पर उतरतं असतं, लाकडी वासे असतात, फटी असतात. तिथे अ‍ॅटमॉसचं हेलिकॉप्टर वासा-कौलांत अडकून बसतं. तरीही डब्यावर लोगो असतो आणि लोगोला नमस्कार घडतो.

‘पण साउंडबारवर थ्री-डीचं बटण दाबलं की आवाज केवढा पसरतो!’ पसरतो, खरं आहे. वायर उलटी जोडली तरी पसरतो. दोनपैकी एका स्पीकरची लाल-काळी वायर अदलाबदल करून बघा. गायक मधून नाहीसा होतो, आवाज डोक्याच्या आजूबाजूला भिरभिरायला लागतो, बेस गायब होतो, आणि घरात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘वा, आता कसा खुलला!’ ज्या घरांत वर्षानुवर्षं असंच चालू आहे त्यांना आपलाच स्टिरिओ कधी ऐकायला मिळालेला नाही. रुंद मंच आणि विसकटलेला मंच यांतला फरक सोपा आहे: रुंद मंचावर प्रत्येकजण आपल्या जागेवर असतो.

काकांच्या पाच लाखांचं काय? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच लोकांना त्यांनी तेच स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा उघड्यावर आणि एकदा पडद्याआड. दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या, महाग स्पीकरांना भरभरून गुण मिळाले आणि छोट्या, स्वस्त सेटला कमी. पडदा पडला आणि ती दरी बरीचशी बुजली. माणसं कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकत होती, तीही याच धंद्यात मुरलेली. काका, तुमच्या हॉलमध्ये पडदा टांगायची तयारी आहे का? नसेल तर किंमत सांगणं थांबवा.

केबलवर दोनच वाक्यं खर्च करतो, त्याहून जास्त तिची लायकी नाही. घरात प्लगपॉइंटला वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीन मीटर टाकली तर जाऊन-येऊन तिचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाच्या चौपट भरतो, आणि स्पीकर स्वतः आठ ओहमचा असतो. सापाएवढ्या जाड, रेशमी वेष्टनातल्या वायरीने मंच दोन फूट रुंद झाला असं सांगणाऱ्याला पडद्यामागे उभं करून एकदा विचारा, आत्ता कोणती जोडली आहे.

टूल यांच्या अनेक वर्षांच्या कामातून खरेदी करणाऱ्याच्या कामाची एक गोष्ट मात्र निघाली, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. खोलीत आपल्या कानाशी येतो त्यातला बराचसा आवाज थेट नसतो, तो भिंतींवरून, फरशीवरून वळून आलेला असतो. म्हणून स्पीकर समोर कसा वाजतो एवढंच बघून चालत नाही, तो बाजूला कसा वाजतो हेही बघावं लागतं. बाजूला जाणारा आवाज समोरच्यासारखाच असेल, फक्त थोडा मऊ, तर भिंतीवरून आलेली प्रत मूळ आवाजाशी जुळते आणि मेंदू दोन्ही एकत्र करून मंचाला मोकळेपणा देतो. बाजूचा आवाज बसका किंवा किरकिरा असेल तर मेंदूला जुळवणी जमत नाही आणि गाणं पुन्हा खोक्यांत जाऊन बसतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात हे तपासायला यंत्र लागत नाही. माणसाचं साधं बोलणं लावा, एकच स्पीकर चालू ठेवा, आणि समोरून हळूहळू बाजूला चालत जा. आवाज तोच राहिला पाहिजे. नाकात बोलल्यासारखा झाला की पुढच्या जोडीकडे वळा. दुकानदार घाईने दुसरा स्पीकर मोठ्या आवाजात लावून दाखवेल. मोठा तो नेहमी चांगलाच वाटतो, म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगा. त्याला राग येईल. येऊ द्या.

आता मुख्य आरोप: खोली लहान. हा आरोप करणाऱ्याने आजवर खोली मोजलेली नसते, हे मी पैजेवर सांगतो. दहा बाय बाराचा हॉल घ्या. दहा फुटी भिंतीला पाठ करून दोन स्पीकर ठेवा, एकमेकांपासून सहा फुटांवर. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरले. मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे ओढा. प्रत्येक स्पीकरपासून सहा फुटांवर तुमचं डोकं यायचं, म्हणजे समभुज त्रिकोण झाला, साठ अंश मिळाले. तुमचे कान स्पीकरांच्या रेषेपासून सव्वापाच फुटांवर आले. आता पाठीमागे किती जागा उरली? पाच फूट! पाच फुटांत दिवाण मावतो, कपाट मावतं, नातवंडं मावतात. कुठे अडलं घोडं?

घोडं शोकेसमध्ये अडलं आहे. आपल्याकडे स्पीकर ठेवायच्या जागा ठरलेल्या आहेत. एक फ्रिजवर, एक खिडकीत. किंवा दोन्ही शोकेसच्या कप्प्यात, काचेच्या बाहुल्या आणि क्रिकेटच्या कपांच्या मधे, वर क्रोशाचा रुमाल. किंवा दोन्ही कोपऱ्यांत माळ्यावर, तोंड पंख्याकडे. मग गाण्याचा आवाज छतातून येतो आणि घरमालक म्हणतो, साउंडस्टेज ही श्रीमंतांची थेरं आहेत. अहो, ट्वीटर, म्हणजे खोक्यातला बारीक सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला पाहिजे, एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मं काम होतं. खुर्चीवर बसलं तर कान जमिनीपासून सव्वातीन-साडेतीन फुटांवर, सतरंजीवर मांडी घातली तर अडीच फुटांवर. तुम्ही कसे बसता त्यावर स्टँडची उंची ठरवा. गावातला वेल्डर लोखंडी स्टँड करून देईल. वर जड लादीचा तुकडा ठेवा, संपलं.

लहान खोलीची एक अडचण खरी आहे. बेस. दहा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर घुमतो. खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांनी तोच सूर घुमतो आणि ढोलकीच्या धुमावर भलतीच सूज येते. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? बारा इंची वूफर घ्या, असा निघतो? खोली आधीच बेस फुगवते आहे, तिथे तुम्ही आणखी बेस ओतणार? लहान खोलीला लहान स्पीकर लागतो: पाच-साडेसहा इंची वूफर, एक ट्वीटर, बास. कोपऱ्यापासून लांब ठेवा. मागे भोक असलेला स्पीकर भिंतीला फार जवळ येत असेल तर त्या भोकात फोमचा बोळा घाला. दादांचे उंच टॉवर याच खोलीत सगळ्यात वाईट वाजतात, आणि खोलीच त्यांच्या विरुद्ध साक्ष देते.

भिंतींची कडक खणखण कमी करायला परदेशी पॅनेलही लागत नाहीत. तुमच्या जागेवर बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथूनच आवाज उसळी मारून तुमच्याकडे येतो. तिथे आजीची जाड गोधडी टांगा. एका बाजूला उघडं दार आहे ना, मग गोधडी दुसऱ्या बाजूच्या भिंतीला तर हवीच, कारण नाहीतर अख्खा मंच भिंतीकडे सरकतो. दिसायला बरं नाही दिसत म्हणता? भिंतभर टीव्ही लावताना दिसण्याचा विचार केला होता का? घराची सगळी मांडणी टीव्हीभोवती फिरते, सोफा त्याच्यासाठी वळतो, देव्हारासुद्धा सरकतो. आणि स्पीकर दीड फूट पुढे ओढा म्हटलं की घराची शोभा आठवते.

‘पण आपली गाणी जुनी. त्यांत कुठला आलाय स्टिरिओ?’ सगळ्या आक्षेपांत मला हाच आवडतो, कारण याच्या पोटात खरं आहे. पुणे आकाशवाणीने १९५५-५६ मध्ये गीतरामायण प्रसारित केलं ते मोनोच. त्या काळचा लताबाईंचा, आशाबाईंचा, बाबूजींचा बहुतेक ठेवा मोनो आहे. मोनोत डावं-उजवं नसतं. मग दोन स्पीकर कशाला? ऐका तर कशाला. दोन्ही स्पीकर एकसारखे असतील, सारख्या अंतरावर असतील, वायरी सरळ असतील, तर मोनो गाणं दोघांच्या बरोबर मधे, हवेत, तोंडाच्या उंचीवर उभं राहतं. सगळा वाद्यमेळ तिथेच, पण गाणारं माणूस पुढे. ते मधे उभं राहिलं नाही, भिंतभर पसरलं किंवा एका बाजूला कललं, तर तुमची मांडणी चुकली आहे, कितीही लाखांची असो. नवे स्पीकर तपासायला याहून कठोर परीक्षा नाही, आणि ती आपल्या प्रत्येकाच्या घरात फुकट पडून आहे. जुनी गाणी रुंद करायचा उद्योग कॅसेटच्या जमान्यात ‘झंकार बीट्स’वाल्यांनी केला होता, चांगल्या गाण्यावर ढमढम चढवून. तेवढं पाप पुरे.

आणि स्टिरिओ आपल्याकडे नव्हताच, हेही अर्धसत्य. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची तबकडी १९६७ ची, स्टिरिओत. ती एचएमव्हीसाठी घडवून आणणारे कोण? मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक जी. एन. जोशी. आपल्याच माणसाने संतूर, बासरी आणि गिटारला आपापली जागा दिली आणि आपण ती साठ वर्षं फ्रिजवरच्या स्पीकरवर ऐकतो. १९७५ चा ‘शोले’ ७० मिमी आणि स्टिरिओ ध्वनीसह आला तेव्हा पडद्यावर उडवलेलं नाणं कुठे पडलं हे प्रेक्षकांनी कानांनी ओळखलं, असं सांगतात. तेव्हा कुणी म्हटलं नाही की आपल्याला कुठं कळतंय!

‘सैराट’चं तर मला राहून राहून वाईट वाटतं. २०१६ चा मराठी सिनेमा. अजय-अतुलने त्याच्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्य वादकांचा जथा बसवून ध्वनिमुद्रण केलं. अशा वाद्यवृंदाची बैठक रूढ असते, व्हायोलिन एका हाताला, चेलो आणि डबल बास दुसऱ्या हाताला, पितळी वाद्यं मागे. एवढी माणसं, एवढं मोठं दालन, एवढा खर्च कशासाठी? त्या दालनाची हवा गाण्यात उतरावी म्हणून. त्यानंतर मुर्ध्यात अशी हळद झाली नसेल जिथे ‘झिंगाट’ वाजलं नाही. नाचलो, नाचायलाच हवं होतं. पण घरी येऊन त्याच अल्बममधली बाकीची गाणी किती जणांनी दोन स्पीकरांच्या मधे बसून ऐकली? सातासमुद्रापार जाऊन मांडलेला मंच आम्ही ट्रॉली स्पीकरच्या एका दिवे लुकलुकणाऱ्या डब्यात कोंबला, आणि तोही मोबाईलवरून.

शेवटचा आक्षेप घरातून येतो. ‘मधल्या जागेवर एकच माणूस बसणार. आम्ही सहाजणांनी काय करायचं?’ एक तर सहाही जण रोज डोळे मिटून गाणं ऐकायला बसतात असं घर मला दाखवा, मी त्यांचं घर पुसून देईन. दुसरं, यावरही उपाय आहे. दोन्ही स्पीकर आत वळवा, इतके की त्यांच्या नाकाच्या रेषा मधल्या माणसाच्या जरा पुढेच एकमेकींना छेदतील. मग डावीकडे बसलेल्याला जवळचा डावा स्पीकर तिरका, म्हणून जरा मऊ लागतो, आणि लांबचा उजवा समोरून लागतो. गायक पूर्ण मधे येणार नाही, पण डाव्या खोक्यात उडीही मारणार नाही. शेजाऱ्यांची तक्रारही यात येत नाही. मंच हळू आवाजातही उभा राहतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खिडकी लावून घरच्या बोलण्याइतक्या आवाजात भीमसेनजी ऐका, मंच जागेवर असतो. दादांचे टॉवर या आवाजात नुसते घोरतात.

तेव्हा पुढच्या वेळी लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा दादा, चुलतभाऊ आणि काका या तिघांनाही घरी ठेवा. खिशात हॉलचं माप घ्या आणि मोबाईलमध्ये एक जुनं मोनो गाणं. एकसारख्या दोन बुकशेल्फ स्पीकरांची जोडी मागा, वीस-तीस खऱ्या वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर मागा, जोडी सहा फुटांवर मांडून द्या म्हणा, आणि गाणं लावा. गायिका मधे उभी राहिली, बाजूला चालत गेल्यावर तिचा आवाज बदलला नाही, तर पैसे द्या. नाही राहिली, तर खोक्यावर दोन हजार वॉट लिहिलेले असोत, की अ‍ॅटमॉस, की पाच लाख, उठा आणि भाईंदरची गाडी पकडा.